तीन महिन्यांचा खोका

खोका पोचला का, हे विचारायला देवदत्तने धनत्रयोदशीच्या सकाळी पूर्णगडला फोन केला, तेव्हा त्याची बहीण दर्शना म्हणाली, "पोचला. लोकही पोचले."

"कोण लोक?"

"ठेवते आता. दारात परत कोणीतरी आलंय," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मिरजोळ्याच्या कॅनिंग फॅक्टरीच्या प्रयोगशाळेत देवदत्त फोन हातात धरून तसाच उभा राहिला. समोर एप्रिलमध्ये भरलेल्या आंब्याच्या रसाचा एक डबा उघडलेला होता. हंगामातल्या प्रत्येक बॅचचे थोडे डबे मागे ठेवायचे आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने एकेक फोडून बघायचा, हे त्याचं इथलं काम. रंग, वास, आंबटपणा. दिवाळीत फॅक्टरी रिकामी असते. धुतलेल्या यंत्रांवर प्लास्टिक चढलेलं असतं, वॉचमनचा रेडिओ लांबून ऐकू येतो, आणि इतक्या मोठ्या शेडमध्ये फक्त तो आणि त्याचे डबे. त्याने चमचा रसात घातला, पण तोंडाशी नेला नाही. दर्शनाचा आवाज रागावलेला नव्हता. रागावली असती तर त्याला काय करायचं ते कळलं असतं. लहानपणी परीक्षेचा निकाल वाईट लागला की ती अशाच आवाजात घरात येऊन सांगायची, दप्तर खुंटीला लावता लावता, कोणाकडे न बघता. लोकही पोचले. डब्याच्या झाकणावर बोटाने टिचकी मारली की आतलं कळतं, हे तो नव्या पोरांना शिकवायचा. चांगल्या डब्याचा आवाज बसका, आखूड असतो. आत काही सुरू झालं असेल तर आवाज पोकळ येतो, झाकण अजून फुगलेलं नसलं तरी.

खोक्याची कल्पना आर्याची. आर्या त्याची मुलगी, बेंगळुरूला असते. नवरात्रात व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं होतं, आत्याला भाऊबीजेला काय देणार, आणि तो म्हणाला होता, या वर्षी जाणं होईल असं वाटत नाही, ऑडिट आहे. ऑडिट होतं खरं, पण दिवाळीनंतरच्या आठवड्यात. आर्याने ते विचारलं नाही. "मग सबस्क्रिप्शन बॉक्स दे ना, बाबा. एकदा ठरवायचं, मग दर महिन्याला घरी खोका येतो. आमच्याकडे सगळे तेच देतात. आणि महिन्याच्या महिन्याला तिला तुझी आठवण होईल." तिने लिंक पाठवली. दोन-तीन दिवस ती तशीच पडून होती. मग एकदा दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, त्याने प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसून ती उघडली. तिथे खोकेच खोके होते. चहाचे, साबणांचे, कुंडीत लावायच्या बियांचे, लोकरीचे, मेणबत्त्यांचे. 'तिच्यासाठी', 'त्याच्यासाठी', 'आईबाबांसाठी', 'ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांच्यासाठी'. एका कोपऱ्यात 'लवकर बरे व्हा' नावाचाही खोका होता, त्यावर घोंगडी पांघरलेलं एक हसरं कासव. त्या कासवाकडे त्याने बराच वेळ बघितलं. दर्शनाला काय आवडतं, हे आठवायचा प्रयत्न केला आणि त्याला तिच्या लग्नाआधीच्याच गोष्टी आठवत गेल्या. मग 'घरची चव' नावाचा खोका सापडला. दर महिन्याला कुठल्या कुठल्या गावचं खाणं, आणि दिवाळीआधी मागवणाऱ्याला पहिला खोका दिवाळीच्या फराळाचा. त्याला बरं वाटलं. मास्तर असे पडून, ती त्यांचं पथ्य सांभाळणार की कढईशी उभी राहणार? एवढा एक त्रास तरी तिचा वाचेल. विचार वाईट नव्हता. आजही, डब्यासमोर उभा राहून, त्याला तो विचार वाईट वाटत नव्हता. मग पडद्यावर पुढचा प्रश्न आला. किती महिने? तीन, सहा, बारा. त्याचा अंगठा वर राहिला.

मास्तर म्हणजे दर्शनाचा नवरा, चारुदत्त. पावसच्या बाजूच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, सहा फूट उंच, आवाज खर्जातला, मेहुण्याची चेष्टा करण्याची एकही संधी न सोडणारा. देवदत्त त्यांना पहिली काही वर्षं चारुदत्तराव म्हणायचा, मग सगळ्या गावासारखा मास्तर म्हणायला लागला. गणपतीत मास्तरांचे डोळे पिवळे दिसले. रत्नागिरीतल्या डॉक्टरांकडे तपासण्या झाल्या, त्यांचे रिपोर्ट आणायला देवदत्त आणि दर्शना दोघं गेले होते. दर्शना औषधांच्या खिडकीशी रांगेत होती. डॉक्टरांनी देवदत्तला पॅसेजमध्ये थांबवलं. स्वादुपिंडाचं आहे, म्हणाले. पसरलंय. दिवाळी नीट जाईल. त्यापुढचं मी बोलत नाही. ताईंना मी आत्ता सांगितलेलं नाही, तुम्ही भाऊ आहात, वेळ बघून सांगा. पॅसेजला फिनाइलचा वास होता आणि भिंतीवर लसीकरणाचं चित्र, त्यातल्या बाळाचा एक गाल पावसाच्या ओलीने सोलवटलेला. देवदत्तने मान हलवली. परतताना गाडीत दर्शना कुठल्या गोळ्या जेवणाआधी आणि कुठल्या नंतर हे मोठ्याने म्हणत होती, पाठ करत असल्यासारखी. भाट्याच्या पुलावर त्याने सांगायचं ठरवलं होतं. मग गोळपला. मग पावसला. पावसला तिने गाडी थांबवायला सांगितली आणि मास्तरांसाठी शहाळी घेतली, आणि त्याने डिकी उघडून दिली. तेव्हापासून वेळ बघणं चालू होतं. दसरा झाला. कोजागिरी झाली. फोनवर ती म्हणायची, आज जरा बरं आहे, पेज घेतली, आणि तो म्हणायचा, चांगलं झालं. पूर्णगडला तो त्यानंतर एकदाही गेला नाही. पडद्यावर अंगठा बारावर गेला आणि थांबला, सहावर थांबला. डब्यांचं त्याला माहीत होतं. तीन महिन्यांचा डबा बहुतेक चांगलाच निघतो, कळतं ते सहाव्या महिन्यात. त्याने तीन दाबलं. स्वतःशी म्हणाला, आधी आवडतंय का बघू, मग वाढवू. ते वाक्य त्याच्या डोक्यात इतकं पटकन तयार झालं, की ते आधीच कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं.

संध्याकाळी घरी आला तेव्हा स्वानंदी, त्याची बायको, चकल्या पाडत होती. ओट्यावर वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर चकल्यांच्या रांगा. तो दारातच उभा राहिला. दर्शनाशी फोन झाला, म्हणाला. खोका पोचला म्हणाली.

"कसला खोका?"

"भाऊबीजेचा. आर्याने सुचवलेला."

"ते माहितेय. आत काय आहे विचारतेय. तुम्ही चहा म्हणाला होतात."

त्याने चहा म्हटल्याचं त्याला आठवलं. का म्हटलं ते आठवलं नाही. "फराळ," तो म्हणाला. "पहिला फराळाचा आहे."

सोऱ्या फिरवणारा तिचा हात थांबला. अर्धी चकली लोंबत राहिली. तिने गॅस बारीक केला, मग बंदच केला. "त्या घरात?" ती म्हणाली. "मास्तर अंथरुणात असताना? अहो, माणूस गेलेल्या घरी वर्षभर तळण होत नाही. तिथे बाहेरून फराळ जातो. माहेरून सगळ्यात आधी जातो. हे मी तुम्हाला सांगायचं?"

तो आत येऊन ओट्यावरचा सरकलेला कागद सरळ करायला लागला.

"वाडीतल्या कोणी बघितला का खोका?"

"लोक आले होते म्हणाली."

स्वानंदीने डोळे मिटले. मग लोंबणारी चकली तोडून पिठाच्या गोळ्यात परत दाबली. "आता मला काही विचारू नका," ती म्हणाली. "मला तिच्याकडे बघवणार नाही."

त्याला माहीत नव्हतं असं नाही. हेच त्याला पुढचे दिवस सोडत नव्हतं. नरकचतुर्दशीला पहाटे अंगणात कारीट अंगठ्याखाली फोडलं, कडू वास आला, आणि त्याला राम आळीतल्या भाड्याच्या दोन खोल्या दिसल्या. वडील श्रावणात गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, दर्शना सात. त्या दिवाळीत त्यांच्या घरी कढई चढली नाही. दुपारपासून आळीतल्या बायका येत होत्या, प्रत्येकीच्या हातात झाकलेला डबा, आवाज हळू. आई डबे घ्यायची आणि ट्रंकेवर ओळीने मांडायची. उघडायची नाही. मुलांनीच उघडले. कुठल्या घरची चकली आहे ते चवीवरून ओळखायचा खेळ त्याने काढला होता. ही जिऱ्याची म्हणजे कोपऱ्यावरच्यांची, ही कडक म्हणजे मागच्या खोलीतल्यांची. त्याला ती सगळी चकली आवडली. घरच्यापेक्षा जास्त आवडली, आणि आई बघत नाही अशा बेताने त्याने खूप खाल्ली. दर्शनाने मात्र एक तुकडा तोंडात घातला आणि काढून हातावर घेतला. "आपण कधी तळणार?" तिने आईला विचारलं. आई म्हणाली, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी आईने तळायला घेतलं तेव्हा शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, वास आला हो, बरं वाटलं. तेव्हा त्याला कळलं होतं की वर्षभर आळी त्यांच्या घराचा वास घेत होती. हे सगळं त्याच्या जिभेवर होतं, नाकात होतं. विसरणं शक्य नव्हतं. मग खिडकीशी बसून, नीट वाचून, फराळाचा खोका कोणी निवडला? आणि तीन कोणी दाबलं? एखाद्याच्या तोंडून नको ते निघून जातं तेव्हा माणसं म्हणतात, बोलून गेलो. तो बोलला काहीच नव्हता. तो गप्पच होता, गणपतीपासून. जे तोंडाने सांगता आलं नाही ते हाताने परस्पर पार्सल करून टाकलं असेल, असं त्याला वाटलं, आणि मग हेही वाटलं की हा विचारसुद्धा फार सोयीचा आहे. फेसाळलेल्या पाण्याने त्याने पायाला लागलेला कडवटपणा धुतला. लक्ष्मीपूजनाला बत्ताशा खाल्ला. फटाक्यांचा धूर घरासमोर खाली बसून राहिला. दर्शनाला त्याने फोन केला नाही, आणि तिचाही आला नाही.

भाऊबीजेला सकाळी त्याने गाडीची किल्ली घेतली तेव्हा स्वानंदी म्हणाली, "ऑडिट?" तो म्हणाला, "पुढे गेलं." तिने सवयीने फराळाचा डबा भरायला घेतला होता. झाकण लावता लावता तिच्या लक्षात आलं. तिने डबा फडताळात परत ठेवला आणि म्हणाली, "काहीच नेऊ नका. नुसते जा." भाट्याच्या पुलावर ओहोटी होती, गाळात बगळे उभे. सुरूच्या झाडांतून समुद्र तुकड्या-तुकड्याने दिसत होता. गोळपच्या पुढे कातळावरचं गवत पिवळं पडलेलं, मधे मधे जांभ्याचे चिरे काढलेल्या खाणी, चौकोनी, तळाला हिरवं पाणी. नुसतं जायचं म्हणजे काय, हे त्याला उमगत नव्हतं. हातात काही असलं की दारातून आत जाता येतं. पावसला शहाळीवाला होता. तो थांबला नाही.

पूर्णगडच्या स्टँडवर रामाच्या दुकानाशी मात्र थांबावं लागलं, कारण रामाच रस्त्यात येऊन उभा राहिला. कुरिअरवाले गावात घरोघर जात नाहीत, सगळी पार्सलं रामाकडे टाकून जातात.

"दर्शनावैनींचे भाऊ ना? खोका बरोबर पोचवला हां," रामा म्हणाला. "मी स्वतः नेऊन दिला. पण माझा काय दोष नाय त्यात."

"कशात?"

"खोक्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत दिवाळी फराळ. पाठवणारे तुम्ही, म्हणजे माहेरची माणसं. तिकडून वाडीतली गोदूबाई आली, मला बोलली, काय रे लिवलंय, वाच. मी वाचला. वाचू नको तर काय करू? ती हातातली मासळीची पिशवी इथेच टाकून निघाली. मांजराने नेली पिशवी."

"मग?"

"मग काय. मास्तर पाटावर बसवून सांगतील तुम्हाला. त्यांनी तर सगळ्या गावाला सांगितलीय गोष्ट," रामा म्हणाला, आणि हसू आलेलं दिसू नये म्हणून खाली बघून दुकानाच्या पायरीवरची माती पायाने सारायला लागला.

घराच्या वाटेवर, दोन दगडी गडगे ओलांडायच्या आधीच, तळणाचा वास आला. साधा नाही, बरेच दिवस तळत असलेल्या घराचा, जुन्या आणि नव्या तेलाचा मिळून. पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत चारुदत्त बसलेला होता. देवदत्तने स्वतःला तयार केलं होतं, तरी त्याची नजर आधी मास्तरांच्या मनगटांवर गेली आणि मग दुसरीकडे कुठे ठेवावी ते सुचेना. सदरा खांद्यावरून लोंबत होता. चेहरा जुन्या पितळेच्या रंगाचा. नाकाशी त्याने कापूर बांधलेला रुमाल धरला होता.

"या, देवदत्तराव," चारुदत्त रुमालाआडून म्हणाला. आवाज मात्र तोच, खर्जातला. "मला वाटलं तेराव्यालाच येता."

"मास्तर, मी—"

"बसा हो. ऐका तर. मी इथेच बसलो होतो, असाच. गोदूबाई वाटेवरूनच गळा काढून आली. ही आत होती. मी म्हटलं, गोदूबाई, कोण गेलं? ती माझ्याकडे बघून म्हणाली, मास्तर, तुम्हीच. मी म्हटलं, बस, चहा घे. बसली. पण एवढं रडणं वर आलेलं, ते गिळायचं कसं? म्हणाली, मास्तर, जरा रडून घेऊ का? मी म्हटलं, घे."

तो हसला, आणि हसताना पोटावर हात दाबून धरला. देवदत्तही हसला असावा, कारण स्वतःच्या गालांचं ओढलेपण त्याला जाणवलं. "मागाहून आणखी आले," चारुदत्त म्हणाला. "कोणी नारळ, कोणी फुलं. मी प्रत्येकाला दारात उभं राहून या म्हणायचो. वर्गाची हजेरी घेतो तसं. दमलो." त्याने रुमाल बाजूला केला, वास नाकात गेला, चेहरा आवळला, आणि रुमाल परत लावला. "तळणाचा वास सोसत नाही मला. दोनदा उलटी झाली. पण ती ऐकत नाही. तळू दे. त्याच दिवसापासून मागच्या दारी चूल पेटवून बसलीय. आत गॅस आहे, पण आतला वास वाडीत जात नाही ना."

मागच्या दारी दर्शना चुलीशी बसली होती. केसांवर पीठ, उजव्या हातावर तेलाचा डाग उठलेला. बाजूला पत्र्याचे डबे, शिगोशीग. चकल्या, कडबोळी, शंकरपाळे, एवढ्या लहान घरात कोण खाणार होतं ते? तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "आलास," ती म्हणाली. कढईतली शेवटची चकली तिने झाऱ्याने काढली आणि ताटलीत घालून त्याच्यापुढे सरकवली. तो खाली, जोत्यावर बसला. चकली तेलकट होती, मोहन जास्त झालेलं, मधे कच्ची. दर्शना कधी वाईट तळत नसे. तिच्या हाताला घाई झाली होती. त्याने ती पूर्ण खाल्ली. ती बघत होती. खोका भिंतीशी, सरपणाच्या शेजारी ठेवलेला होता. चिकटपट्टी एकदाच कापलेली. आतल्या पुड्या तशाच. वर छापलेली पणत्यांची माळ, आणि बाजूला, ठळक, खोका पहिला, एकूण तीन.

"दादा," ती म्हणाली, "तीनच का?"

त्याने जे वाक्य तयार करून ठेवलं होतं ते आठवून बघितलं. आधी आवडतंय का बघू. ते इथे, चुलीच्या धुरात, म्हणता येण्यासारखं नव्हतं.

"लोकांचं मला काही वाटलं नाही," दर्शना म्हणाली. "लोक काय, येतात, जातात. फराळ पाठवलास तेही मी समजले असते. तुला कळत नाही बायकांचं काही. पण मी तो आकडा बघितला." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "त्या दिवशी मी औषधांच्या खिडकीशी होते. रांग माझ्यापुढे सरकली तरी मी सरकले नाही. डॉक्टर तुझ्याशी बोलत होते. तू दोनदा मान हलवलीस. मग खिशातून रुमाल काढलास आणि परत ठेवलास. मी गाडीत बसले आणि म्हटलं, आता सांगेल. मी मुद्दाम गोळ्यांचं बोलत राहिले, तू सांगू नयेस म्हणून. मग पावसला म्हटलं, सांगेल तर सांगू दे. तू डिकी उघडलीस."

"दर्शना, मला—"

"आता नको सांगू. सांगायचं राहिलंय काय?" तिचा आवाज तोच होता, दप्तर खुंटीला लावतानाचा. "मी वाट बघत होते ती तुझ्या तोंडाची. ते एका पुठ्ठ्याच्या खोक्याने सांगितलं. रामाच्या दुकानातून."

वाडीत कुठेतरी मुलं उरलेले फटाके उडवत होती, एक-एक, जपून. देवदत्तने हात पुढे केला, कशासाठी ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं. तिने तो बघितला नाही, किंवा बघितला आणि राहू दिला. ती उठली, हात धुतले, पदराने केसांवरचं पीठ झटकलं. पडवीत पाट मांडला, भोवती तांदळाच्या पिठाची रेघ ओढली. तो पाटावर बसला. चारुदत्तने खुर्ची थोडी वळवून घेतली. दर्शना ताट घेऊन आली, निरांजन पेटलेलं, सुपारी, अक्षता. ती समोर उभी राहिली, पण ताट हलवलं नाही.

"आधी ओवाळणी घाल, दादा. मग ओवाळते."

त्याने खिशातलं पाकीट काढलं. तिने मान हलवली.

"ते नको. खोक्याचं बारा महिन्यांचं कर. आत्ता."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग चारुदत्तकडे. चारुदत्त समोरच्या माडाकडे बघत होता, वर्गात मुलं पेपर लिहीत असताना मास्तर खिडकीबाहेर बघतात तसा.

"आणि नाव ह्यांचं घाल. माझं नको," दर्शना म्हणाली. "फराळ नको. चहाचा असेल तर बघ. चहा घेतात अजून."

पडवीत रेंज नव्हती. तो उठला, पाटावरची अक्षता पायाला चिकटली. किल्ल्याच्या वाटेवर थोडं चढून गेलं की मिळते, हे त्याला माहीत होतं. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ सुकून काळं पडलेलं. खाली मुचकुंदी नदीच्या मुखाशी होड्या ओढून ठेवलेल्या, जाळ्यांवर कावळे. फोनमध्ये एक रेघ आली, गेली, परत आली. पान उघडायला वेळ लागला, आधी चित्रं आली, अर्धी अर्धी, हसऱ्या कासवाचं डोकं, मग घोंगडी. त्याने चहाचा खोका शोधला. किती महिने? तीन, सहा, बारा. कंपनीत बाराव्या महिन्याचा डबा उघडताना तो खिडकी उघडी ठेवायचा. बाराव्या महिन्यात इथे कोण असेल, खोका घ्यायला दारात कोण येईल, त्यावरचं नाव वाचून पुढे काय करेल, हे सगळं त्याच्यासमोर आलं, कातळावरच्या उन्हासारखं स्पष्ट. आणि हे सगळं दर्शनाला त्याच्या आधीपासून दिसत असणार, हेही आलं. तिने फसवणूक मागितली नव्हती. तिने त्याच्याकडून तेवढं मागितलं होतं जेवढं त्याने दाबलं नव्हतं. त्याने बारा दाबलं. कोणाच्या नावे? त्याने अक्षरं घातली, चारुदत्त, आणि आडनाव घालताना बोट चुकलं, खोडलं, परत घातलं. भेट द्यायचं कारण? खाली पर्याय होते. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, सण, असंच. त्याने असंच निवडलं. चाक फिरत राहिलं. तो हात उंच करून उभा राहिला, फोन आकाशाकडे धरून, आणि त्या स्थितीत त्याला कोणी बघितलं असतं तर काय वाटलं असतं, हा विचार त्याच्या मनात आला नाही.

परत आला तेव्हा दोघं होती तशीच होती. निरांजनातलं तूप थोडं खाली गेलेलं. वात झुकली होती, ती दर्शनाने काडीने सरळ केली.

"झालं," तो म्हणाला.

"किती?"

"बारा."

तिने मान हलवली. तो पाटावर बसला. तिने त्याला कुंकू लावलं, तिचं बोट कढईच्या उष्णतेने अजून गरम होतं. सुपारी फिरवली. मग ताट सावकाश वर-खाली फिरत राहिलं, त्याच्या एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि ज्योतीच्या पलीकडे तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पीठ लागलेली भुवई. कापराचा आणि तेलाचा वास एकमेकांत मिसळलेला होता. चारुदत्तने रुमाल खाली घेतला.

"पहिला कधी येणार?" त्याने विचारलं.

"पुढच्या महिन्यात," देवदत्त म्हणाला. "रामाकडे टाकतील."

"छे. रामाकडे नको. तो परत कोणालातरी वाचून दाखवील," चारुदत्त म्हणाला. "घरी आणून द्यायला सांगा त्यांना. मी आहे घरीच."